कल्याणच्या काचाऱ्याच्या वाकड्या बांगड्या

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं जे काम केलं ते वाल सोलण्याचं. माघ महिना, सकाळची वेळ, ओटीवर ऊन आलेलं. मोड आलेले वाल कोमट पाण्यात टाकून सुनेने ताट आमच्या मध्ये ठेवलं आणि ती विहिरीवर गेली. माझ्या बायकोला आपणहून बसायची ताकद राहिली नव्हती. खांबाला उशी लावून तिला टेकवलेली. तरी समोर काम दिसलं तसा तिने हात पुढे केला.

माझी बोटं सुताराची. वाल चिमटीत धरला की डाळिंबी बाहेर यायच्या ऐवजी तिचा भुगा व्हायचा.

"रंधा मारताय का वाल सोलताय?" ती म्हणाली.

"खाणाऱ्याला काय कळतंय?"

"खाणारे तुम्हीच. माझ्या घशाखाली कुठं उतरतंय काही."

दहा-बारा दाणे ती सोलायची, मग हात मांडीवर ठेवून दम घ्यायची, मग परत. हात ताटाकडे जाताना तिच्या हिरव्या बांगड्या मनगटाशीच किणकिणायच्या. खाली घसरत नव्हत्या. मी वालाकडे कमी आणि बांगड्यांकडेच जास्त बघत होतो. ते का, हे सांगायला चार महिने मागं जावं लागेल.

मी ठाण्याचा, टेंभी नाक्यापासून हाकेच्या अंतरावर राहणारा. पंतोजीच्या छडीखाली चार अक्षरं शिकलो, पुढे लेखणी सुटली आणि करवत हातात आली ती आलीच. तेव्हा हे लिहिणं गुळगुळीत होणार नाही. रंधा फक्त लाकडावर मारता येतो मला.

बायकोला भादव्यापासून अन्न जाईनासं झालं. वैद्याच्या पुड्या झाल्या, सरकारी दवाखान्यातलं रंगीत पाणी झालं, एका भगताचा अंगारा झाला. काही उपयोग नाही. दिवाळीपर्यंत ती इतकी वाळली की उचलून घेतलं तर भाताच्या पेंढीएवढं वजन लागायचं. तिचे दंड वाळले, मनगटं वाळली. पण बोटांची मुळं तशीच राहिली. उलट जास्तच सुजली. जात्यावर आणि मुसळावर गेलेला तो हात, त्यात संधिवात. मनगट लहान मुलीचं आणि पंजा म्हातारीचा, असा तो हात झाला.

आणि त्यामुळे बांगड्या राहीनात. पंज्यावरून आत जाईल एवढी बांगडी घेतली तर ती मनगटावर टोपलीसारखी मोठी. हात खाली केला की घसरत यायची आणि पडायची. अंथरुणात, न्हाणीत, अंगणात. दिवाळीच्या पाडव्याला मला ओवाळताना दोन बांगड्या ताटातच पडल्या. एक वाढली. आमच्याकडे बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. पण म्हणून काही तिच्या तोंडावरचा रंग राहिला नाही.

आमच्या शेजारी एक आत्या राहायच्या. माझ्या नात्यातल्या नव्हेत, सगळ्या आळीच्याच आत्या. लहानपणीच विधवा झालेल्या आणि जिभेला हाड नसलेल्या. त्या ओटीखाली उभ्या राहून म्हणाल्या, "काय गं हे? सवाष्णीचे हात ओकेबोके? नवऱ्याच्या जिवावर उठलीस का?"

"आत्या, माझा जीव माझ्या छातीत आहे. काचेत नाही," मी म्हणालो.

"तुला काय कळतंय रे मेल्या त्यातलं?"

मला खरंच कळत नव्हतं. बायकोने ते संध्याकाळी सांगितलं. ती नऊ वर्षांची असताना तिचे वडील गेले. बायका तिच्या आईला खाडीवर घेऊन गेल्या आणि धुण्याच्या दगडावर तिचे दोन्ही हात आपटून बांगड्या फोडल्या. एक काच आईच्या मनगटात शिरली. ही झाडामागून बघत होती. इतक्या वर्षांच्या संसारात ही गोष्ट तिने मला आधी एकदाच सांगितली असेल.

"मी तुमच्या आधी जाणार हे तर आता दिसतंच आहे," ती म्हणाली. "तेवढं देवाने माझ्या मनासारखं केलं. पण जाताना हात आईसारखे नकोत. एवढं तुम्ही करा. दुसरं काही मागत नाही."

सुनेने बांगड्या दोऱ्याने दंडाला बांधून बघितल्या. दोन दिवसांत दोरा कातडीत रुतला आणि जखम झाली. कासारणीने लहान बांगड्या चढवून बघितल्या. पंज्यातच अडल्या. कासारीण म्हणाली, "चांदीच्या कडीच्या घाला, उघडझाप करता येतील." पण आमच्यात चुडा काचेचाच लागतो. चांदी असली तरी काच हवीच.

तेव्हा मला कल्याणचा काचारी आठवला. कासार बांगड्या विकतो आणि भरतो, काचारी त्या बनवतो. याच्या भट्टीवरचं छप्पर काही वर्षांमागे मीच बांधून दिलेलं. माणूस माझ्याहून लहान, काळा, भुवया जळलेल्या. त्याच्या मालाचं नाव मुंबईपर्यंत. पण छप्पर बांधताना मी त्याच्या तोंडावर म्हणालेलो, "तुझं काम आज आहे, उद्या केरात. माझी चौकट नातवंडं बघतील." तो तेव्हा नुसता हसला होता.

मी बायकोच्या मनगटाला दोरी गुंडाळली, जिथे दोन टोकं मिळाली तिथे गाठ मारली आणि भरतीबरोबर खाडीतून वर जाणाऱ्या पडावात बसून कल्याणला गेलो.

"या सुतारदादा," तो म्हणाला. "छप्पर गळत नाही अजून."

मी दोरी पुढे केली. "या मापाच्या हव्यात. डाव्या हातात तीन, उजव्यात चार. हिरव्या."

त्याने दोरी उलटसुलट बघितली. "हे मनगटाचं माप."

"मग बांगडी काय कानात घालतात?"

"दादा, आम्ही मनगट मोजत नाही. मूठ दाबून बघतो. हात आणा, दोरी नको."

"ती अंथरुणावरून उठत नाही, तिला काय पडावात घालून आणू? मी सुतार आहे. माप कसं घ्यायचं ते मला शिकवू नकोस. खोबणीत जेवढं माप, तेवढाच सांधा बसतो."

त्याने दोरी ठेवून घेतली. तिसऱ्या दिवशी मी जाऊन बांगड्या घेऊन आलो. दोरीच्या मापाला केसाएवढाही फरक नाही. घरी आल्यावर सुनेने सासूच्या हाताला खोबरेल लावलं, अंगठा आत मुडपला, बांगडी चढवायला घेतली आणि ती बोटांच्या दुसऱ्या पेरावरच थांबली. पुढे जाणं शक्यच नव्हतं. चौकट बसवल्यावर तिच्याहून रुंद पेटारा आत न्यावा तसं मी केलेलं. लाकडाचा सांधा उघडा असतो, त्यात वस्तू सरळ ठेवता येते. बांगडी मनगटापर्यंत जायची ती पंज्याच्या वाटेने, हे पोरीबाळींना ठाऊक, आणि मला सबंध जन्म बायकोच्या हाताची भाकर खाऊन ठाऊक नव्हतं.

मी बांगडी दाबून बघितली. मोडली.

"राहू द्या," बायको म्हणाली. "नातीच्या बाहुलीला होतील." आणि ती हसली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते पुसायला हात वर केला तेव्हा तो रिकामा हात मला दिसला. त्या दिवशी मला पहिल्यांदा भीती वाटली. ती जाईल याची नव्हे, ती अशी जाईल याची.

दुसऱ्या दिवशी परत कल्याण. भट्टीसमोर उभा राहिलो आणि म्हणालो, "माझं चुकलं. माप चुकलं."

दुसरा कुणी असता तर त्याने मला छपराची, चौकटीची, सगळ्याची आठवण करून दिली असती. हा म्हणाला, "मनगट दोरीएवढं. मूठ केवढी?"

या वेळी मी सुनेकडून शिकून आलेलो. बायकोचा हात अंगठा मुडपून पाटीवर ठेवला, भोवतीने खडूची रेघ काढली, आणि जाडीसाठी दोन फळ्यांमध्ये हात धरून मधलं अंतर एका काडीवर खूण करून आणलं होतं. त्याने पाटी बघितली, काडी बघितली. मग आपलाच हात मुडपून डोळ्यांसमोर धरला, आडवा केला, उभा केला. असा तो पुष्कळ वेळ बघत राहिला.

"हात रुंद आहे, पण चपटा आहे," तो म्हणाला.

"मग?"

"गोल बांगडी रुंदीला बसेल एवढी केली तर वरखाली मोकळी राहते. तिथूनच ती घसरते. बांगडी चपटी हवी. हातासारखी. चपट्या हातावरून चपटी आत जाईल, आणि मनगटावर थोडी फिरली की आडवी येईल. परत यायची वाट सापडणार नाही तिला."

"मग कर की."

त्याने भट्टीच्या कडेला असलेल्या ढिगाकडे बोट दाखवलं. तुटलेल्या, तडकलेल्या, वेड्यावाकड्या बांगड्यांचा तो ढीग, परत वितळवायला ठेवलेला. "माझ्या बापाने गोल नसलेली बांगडी कधी भट्टीबाहेर जाऊ दिली नाही. मीही नाही. तुम्ही मला वाकडी करायला सांगताय."

"मी नाही सांगत. तूच म्हणालास."

त्यावर तो हसला. "बसा तिकडे."

त्या दिवशी मी आयुष्यात पहिल्यांदा नीट बसून काचेचं काम बघितलं. छप्पर बांधताना आठ दिवस त्या भट्टीवर होतो, पण डोकं सगळं वाशांत. भट्टीला चहूबाजूंनी तोंडं. आत काच मधासारखी, पण असा मध की ज्याच्याकडे बघितलं तर डोळे पाणावतात. त्याने लोखंडी सळईच्या टोकावर तिचा सुपारीएवढा गोळा घेतला, दुसऱ्या टोकदार सळईने त्याला भोक पाडलं, आणि ते कडं मातीच्या एका सुळक्यावर ठेवून सुळका फिरवायला लागला. फिरता फिरता कडं पसरत जातं, खाली उतरतं, मोठं होतं. सांधा कुठे नाही. सुताराचा सगळा जन्म सांधे लपवण्यात जातो, आणि इथे सांधाच नाही.

माझं काम चुकलं तर मी तासून घेतो. फट राहिली तर लुगदी भरतो. त्याला तसं काही नाही. काच मऊ असते तो वेळ किती? एक शिंक येईल एवढा. तेवढ्यात जे व्हायचं ते झालं, नाहीतर ढिगात. बांगडी मापाला आली की तो तिला सुळक्यावरून उचलून दोन पट्ट्यांमध्ये हलकेच दाबायचा. पहिली जास्त दबली. दुसरी तडकली. तिसरीला एका बाजूला कोपरा आला. ढिगात, ढिगात, ढिगात. घामाने त्याचं धोतर चिकटलेलं. त्याची बायको पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि त्या चपट्या बांगड्या बघून म्हणाली, "अगं बाई! आज काय हात कापतोय का तुमचा?"

"गप गं. आज वाकडंच करायचंय."

"चाळीस वर्षं सरळ करायला शिकलात, आणि आता हे?"

"सरळ कुणीही करील," तो म्हणाला.

दुपार कलंडायच्या वेळी त्याला हवी तशी एक झाली. निवल्यावर त्याने ती उन्हाकडे धरली, आत बुडबुडा आहे का बघितलं, मग नखाने टिचकी मारून कानाशी नेली. त्याने मान हलवली आणि ती माझ्या काडीवर लावून बघितली. खूण बरोबर. बाकीच्या सहा करायला त्याला संध्याकाळ झाली. सगळ्यांचा रंग पावसातल्या भातासारखा, आणि कडेने एक बारीक पिवळी रेघ, जी मी मागितली नव्हती.

"ही रेघ कशाला?"

"वाकड्या आहेत म्हणून काय साध्या असाव्यात?"

भाताच्या तुसात घालून त्या त्याने एका मडक्यात दिल्या. पडावात मी ते मडकं मांडीवर धरून बसलो. खाली ठेवलं नाही.

घरी सुनेने खोबरेल आणलं. बायको म्हणाली, "तू थांब. त्यांना भरू दे."

नवरा कधी बायकोला बांगड्या भरत नाही. ते कासाराचं काम, त्याला परका हात धरायची मुभा असते. नवऱ्याने चारचौघांत बायकोचा हात धरणं आमच्या वेळी निर्लज्जपणा. सून तोंडाला पदर लावून स्वयंपाकघरात गेली. मी बायकोचा हात मांडीवर घेतला. अंगठा मुडपला. तिने मला शिकवलं, "जोर लावू नका. हात सैल सोडू द्या. हं, आता." बांगडी पेरांवर आली, जरा अडली, आणि आत गेली. मनगटाशी किंचित फिरवली. हात खाली सोडायला सांगितला. सोडला. पडली नाही. हात हलवला. पडली नाही.

"अजून भरा," ती म्हणाली. सात झाल्या. आत्या बघायला आल्या, हात उलटासुलटा करून म्हणाल्या, "वाकड्या आहेत या."

"हातही वाकडाच आहे, आत्या," बायको म्हणाली. तिचा आवाज इतका मोकळा मी महिन्या-दोन महिन्यांत ऐकला नव्हता.

त्यानंतर मार्गशीर्ष गेला, पौष गेला. रोज सकाळी मी आधी तिचे हात बघायचो, मग तोंड धुवायचो. हात अजून वाळत चाललेले. डाव्या हातातली सर्वांत बाहेरची बांगडी थोडी सैल वाटायला लागली. मी तिला सांगितलं नाही. तिला ते ठाऊक होतंच, तिनेही मला सांगितलं नाही.

आता परत वालाकडे येतो. ताट अर्धं झालं तेव्हा ती म्हणाली, "मला जरा आडवं करा." मी केलं. सुनेने बिरडं चुलीवर ठेवलं. ते शिजायच्या आत, भर दुपारी, ती गेली. घास नाही, शब्द नाही. श्वास घेतला आणि पुढचा घेतला नाही.

बायकांनी तिला न्हाऊ घातलं, हिरवं लुगडं नेसवलं, मळवट भरला, ओटी भरली. आत्यांनी तिचे हात पोटावर ठेवले आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "भरल्या हातांनी चालली बघ." त्या रडत होत्या. मला रडू येत नव्हतं. माझं लक्ष त्या डाव्या हातावर.

तिरडीवर दोरी बांधली पण हात सुटे राहिले. मुलगा मडकं घेऊन पुढे, मी मागून. लोकांना वाटलं म्हाताऱ्याला भ्रम झाला, कारण मी कुणाकडे बघत नव्हतो, कुणाला ओ देत नव्हतो. खाडीकडे उतार आहे. तिथे एका खांदेकऱ्याचा पाय घसरला, तिरडी कलली, आणि तिचा डावा हात निसटून खाली लोंबला. बांगड्या घसरल्या. तिन्ही. खणखण करत पंज्यावर आल्या. मी ओरडलोसुद्धा असेन, आठवत नाही. सर्वांत बाहेरची अगदी बोटांच्या मुळाशी आली. आणि तिथे आडवी झाली आणि थांबली.

मी जाऊन तिचा हात उचलला, बांगड्या मागे सारल्या, हात पोटावर ठेवला. मग मी रस्त्यावरच बसलो. कुणीतरी म्हणालं, पाणी द्या. मला पाणी नको होतं. मोठं ओझं माडीवर चढवून खाली ठेवलं की माणूस बसतो ना, तसा मी बसलो होतो. तिने एकच गोष्ट मागितली होती आणि ती झाली. चितेवर ठेवतानाही मी मोजल्या. सात. मग अग्नी दिला, आणि मग मला रडू आलं, आणि ते चांगलं, मोकळं रडू होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठलो, अंघोळ केली आणि खाडीवर निघालो.

"मामंजी, सुतक आहे, कुठे जाताय?" सून म्हणाली.

आत्या तर दारातच आडव्या आल्या. "अरे, कालची राख गरम आहे अजून!"

"म्हणूनच जातोय. उद्या सावडायला घरीच असेन."

पडाववाल्याने मला एका टोकाला बसवलं, इतरांपासून दूर. मला काही वाटलं नाही. कल्याणला उतरून मी भट्टीपासून वीस पावलांवर, रस्त्याच्या पलीकडे उभा राहिलो आणि हाक मारली. तो सळई हातात घेऊनच बाहेर आला. सळईच्या टोकाला काच होती.

"सुतक आहे. आत येत नाही," मी म्हणालो.

तो तिथेच थांबला. "कधी?"

"काल दुपारी."

त्याने हातातल्या सळईकडे बघितलं. मग, "हातात?"

"सातही."

"सातांतली एक सैल पडेल असं मला वाटलेलं. काडीच्या खुणेपेक्षा थोडी जास्त झालेली ती. तेव्हा म्हटलं सांगू, मग म्हटलं नको."

"डाव्या हातात सर्वांत बाहेर होती ती. रस्त्यात हात लोंबला. बोटांपर्यंत आली."

"आणि?"

"आडवी झाली. थांबली."

"थांबली ना?"

"थांबली."

त्याची बायको आतून ओरडली, "अहो, काच निवतेय!"

"निवू दे," तो म्हणाला. त्याने सळई भिंतीला टेकवली आणि दारातल्या दगडावर बसला. मी रस्त्याच्या माझ्या बाजूला एका ओंडक्यावर बसलो. मी त्याला तिच्या हाताबद्दल सगळं सांगितलं, मूठ कशी मुडपली, जोर लावू नका कशी म्हणाली, सगळं. तो मध्येमध्ये विचारत होता. आमच्यामधून बैलगाड्या जात होत्या, तेवढ्यापुरतं आम्ही थांबायचो. ओहोटी लागल्यावर मी परत निघालो.